बेत कमी, तयारी जास्त

सहल ठरवण्यासाठी व्हॉट्सॲपवर गट निघतो. तारखा विचारल्या जातात. एकाची रजा मंजूर होत नाही, एकीच्या मुलाची सहामाही असते, कुणाकडे पाहुणे यायचे असतात. गणपतीनंतर बघू, मग दिवाळीनंतर बघू, असं करता करता वर्ष सरतं. यात कुणाचाच दोष नसतो. प्रत्येकाला मनापासून जायचं असतं. पण दहा माणसांच्या दहा अडचणी एकाच तारखेला सुटाव्यात ही अपेक्षाच जड आहे, आणि तिच्या ओझ्याखाली निघणं राहून जातं.

रोजच्या चाकोरीचा कंटाळा आलाय, काहीतरी बदलायला हवं असं वाटतंय, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, अशा वाचकांसाठी हे लिहितो आहे. माझं म्हणणं एवढंच, की बेत हलका करा आणि तयारी पक्की करा. कुठे जायचं, कधी, कुणाबरोबर, कुठल्या हॉटेलात उतरायचं, हा झाला बेत. भरलेली पिशवी, घरच्यांशी आधीच झालेलं बोलणं, बाजूला ठेवलेले थोडे पैसे आणि परत कसं यायचं याची माहिती, ही झाली तयारी. आपण बहुतेक जण पहिल्यावर महिनेच्या महिने घालवतो आणि दुसरीकडे बघतच नाही. मग एखाद्या शनिवारी सकाळी निघावंसं वाटलं तरी उंबरठा ओलांडवत नाही.

मोकळा वेळ फार काटेकोर आखला की त्यातली गंमत कमी होते, हे अभ्यासातूनही दिसलं आहे. गॅब्रिएला टोनिएट्टो आणि सेलिन मॅल्कॉक या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एकात, परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांना कॉफी आणि बिस्किटं फुकट दिली गेली. काहींना नेमकी वेळ दिली होती, काहींना दोन तासांत केव्हाही या असं सांगितलं होतं. नेमकी वेळ मिळालेल्यांना तीच कॉफी कमी आवडली. घड्याळ लावलं की विरंगुळ्यालाही कामाची कळा येते. पण या अभ्यासाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ढोबळ ठरवल्याने आनंद घटत नाही. ‘शनिवारी दुपारच्या आत कुठेतरी बाहेर पडायचं’ एवढं ठरवलं तर चालतं. म्हणजे काहीच न ठरवण्याचा आग्रह धरायचं कारण नाही. दिवस ठरवा, दिशा मोकळी सोडा.

आता तयारीकडे येऊ. यात सगळ्यात अवघड असतं ते घरच्यांशी बोलणं, म्हणून ते आधी करा. आपल्या घरांमध्ये पुरुष अचानक निघून गेला तर फारसं कुणी विचारत नाही, कारण दूध तापवायला, आईंच्या गोळ्या द्यायला, मुलांचा अभ्यास घ्यायला मागे कुणीतरी असतं. तेच घरातली बाई सकाळी उठून ‘मी जरा जाऊन येते’ म्हणाली, तर प्रश्नांची रांग लागते. त्यामुळे उत्स्फूर्त जगण्याचा सल्ला पुष्कळदा अर्ध्याच माणसांच्या उपयोगाचा ठरतो. यावर उपाय साधा आहे, पण तो बसून बोलल्याशिवाय होत नाही. महिन्यातला एक दिवस तिचा, एक दिवस त्याचा. त्या दिवशी दुसऱ्याने घर पूर्ण सांभाळायचं. ‘डबा फ्रीजमध्ये ठेवला आहे, वरण गरम करून घ्या’ अशा सूचना मागे ठेवून जाण्याचीही गरज पडू नये. हे एकदा ठरलं की त्या दिवशी कुठे जायचं याला परवानगी लागत नाही. आजारी किंवा वृद्ध माणूस घरी असेल, तर एका शेजाऱ्याशी किंवा नातेवाइकाशी आधीच बोलून ठेवा, आणि त्यांच्या अडचणीला आपणही तसंच जा.

पिशवीची गोष्ट लहान आहे, पण तिच्यामुळे फार फरक पडतो. पाठीवरची एक सॅक कायम भरलेली ठेवायची. एक जोडी कपडे, पंचा, टूथब्रश, रोजची औषधं दोन दिवस पुरतील एवढी, बॅटरी, पाण्याची बाटली, शेंगदाण्याचे लाडू किंवा चिक्की, चार्जर, ओळखपत्राची प्रत, घरच्या दोन माणसांचे नंबर कागदावर लिहून, आणि काही रोख रक्कम. रोख रकमेचा आग्रह धरतो, कारण घाटात किंवा खाडीच्या काठी रेंज गेली की मोबाइलमधल्या पैशांचा उपयोग नसतो. पावसाळ्यात प्लास्टिकची एक मोठी पिशवी आत घालावी. परत आल्यावर सॅक रिकामी करून कोपऱ्यात टाकू नका. धुवायचे कपडे काढले की त्याच संध्याकाळी पुन्हा भरा. पुढच्या वेळचं अर्धं निघणं तिथेच होऊन जातं.

आता जायचं कुठे, आणि तेही न ठरवता? याला महाराष्ट्रात एसटीसारखं दुसरं साधन नाही. गाडीने निघालं की आपण नकाशावर आधीच एक ठिकाण निवडलेलं असतं. एसटी स्टँडवर गेलात तर तिथला फलक तुमच्यासमोर वीस गावं ठेवतो, आणि त्यातली पाच तुम्ही कधी ऐकलेलीही नसतात. नाव आवडलं म्हणून गाडीत बसावं, हे मला प्रवास सुरू करायला पुरेसं कारण वाटतं. महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना अशा फिरण्यासाठीच आहे. चार किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि त्या मुदतीत हवं तिथे चढायचं, हवं तिथे उतरायचं. दर गाडीच्या प्रकाराप्रमाणे वेगळे असतात आणि बदलत असतात, ते स्टँडवरच विचारावेत. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत आहे, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही निम्मी, आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. निवृत्तीनंतर घरात बसून राहिलेल्या, हिंडती-फिरती तब्येत असलेल्या आई-वडिलांना ही माहिती द्या. जमलं तर पहिल्या वेळी त्यांच्याबरोबर जा, दुसऱ्या वेळी त्यांना एकटं जाऊ द्या.

एसटीने अनोळखी गावी जाताना एक नियम मात्र मोडू नये. उतरण्याआधी कंडक्टरला विचारायचं, ‘परतीची शेवटची गाडी किती वाजता?’ आडगावच्या मार्गावर संध्याकाळची शेवटची गाडी पुष्कळदा मुक्कामी असते. ती रात्री गावातच थांबते आणि पहाटे निघते. तिने गेलात तर रात्र तिथेच काढावी लागणार, हे लक्षात घेऊनच चढा. राहायची वेळ आलीच तर देवस्थानाचा भक्तनिवास, कोकणात घरगुती राहण्याची सोय, तालुक्याच्या गावी साधं लॉज असे पर्याय बहुतेक ठिकाणी सापडतात. दिवस मावळायच्या आत चौकशी करा. अंधार पडल्यावर विचारणाराही घाबरलेला असतो आणि ज्याला विचारलं तोही.

रेल्वेनेही हे जमतं. पुणे–लोणावळा लोकलने मळवलीला उतरलात तर चालत जाता येईल एवढ्या अंतरावर भाजे लेणी आहेत, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झालेली. त्यांच्या मागे विसापूर आणि लोहगड. लोहगड हा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी एक. वरपर्यंत पायऱ्या आहेत, वाट चुकायची भीती नाही. पहिल्यांदा एकटं निघणाऱ्याला मी मळवलीच सांगतो, कारण कंटाळा आला, पाय दुखले किंवा आभाळ भरून आलं, तर कुठल्याही टप्प्यावरून मागे फिरता येतं. नागपूरच्या वाचकाला रामटेक आहे, कोल्हापूरकराला पन्हाळा. बुलढाण्याकडच्या माणसाने लोणारचं सरोवर आजवर पाहिलं नसेल तर आधी तिकडे जावं. उल्का आदळून बसाल्ट खडकात झालेलं असं विवर जगात फार दुर्मीळ आहे, आणि लोक त्यासाठी समुद्र ओलांडून येतात. गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जावं.

मात्र फेरीबोटीची खरी मजा कोकण किनाऱ्यावर आहे. आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा बोटींवर माणसं, दुचाक्या आणि मोटारी एकत्र खाडी ओलांडतात. एक खाडी ओलांडायची, पलीकडे उतरायचं, पुढचं ठरवायचं, आणि पुन्हा पुढची खाडी. इथे घाई करून उपयोग नसतो, बोट येईल तेव्हा येते. त्या थांबण्याच्या वेळात टपरीवर चहा घेताना कुणीतरी विचारतं, ‘खंयसून इलात?’ किंवा ‘कुठून आलात?’ आणि पुढचा मुक्काम तिथेच ठरतो. अनोळखी माणसाशी बोलायला लाजणाऱ्यांनी असंच थांबून पाहावं. बोलणं सुरू करायला ‘पुढची बोट किती वाजता?’ हा एकच प्रश्न पुरतो.

अचानक निघणाऱ्यांची परंपरा मराठीत जुनी आहे. गो. नी. दांडेकर तेराव्या वर्षी घर सोडून स्वातंत्र्यचळवळीत गेले, पुढे पायी नर्मदा परिक्रमा केली, आणि त्या चालण्यातून त्यांचं लेखन आलं. पण माझ्या मनात घर केलं आहे ते गोडसे भटजींनी. पेणजवळच्या वरसईचे हे गरीब भिक्षुक. घरावर कर्ज होतं. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार अशी बातमी आली आणि दक्षिणेच्या आशेने ते १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेला निघाले. वाटेत उठाव पेटला. पुढच्या काळात त्यांनी झाशीचा वेढा आतून पाहिला, लुटले गेले, जीव मुठीत धरून हिंडले. घरी परतले तेव्हा पैसा जवळपास काहीच उरला नव्हता, पण कावडीतून आणलेल्या गंगेच्या पाण्याने त्यांनी आई-वडिलांना स्नान घातलं. पुढे त्यांनी हे सगळं लिहून ठेवलं आणि १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ छापून आलं. ज्या कामासाठी निघाले ते झालंच नाही. ज्याचा विचारही केला नव्हता ते हाती आलं. आणि तरी हे निघणं बेफाम नव्हतं. घरच्यांची समजूत काढून, जाणत्या काकांना सोबत घेऊन, चालणाऱ्या लोकांची संगत धरून ते गेले. मी तयारी म्हणतो ती हीच.

आता एक गोष्ट जरा कडकपणे सांगतो. पाणी आणि कडा या दोन ठिकाणी उत्स्फूर्तपणाला जागा नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांनी काही वेडं धाडस केलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी हजारो लोक उभे राहतात तसे तेही पाण्यात उभे होते. डोंगरात वर कुठेतरी पाऊस कोसळतो आणि खाली काही मिनिटांत लोंढा येतो. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही येतो. म्हणून जून ते सप्टेंबर प्रवाहात उतरायचं नाही, ओढा ओलांडून पलीकडे जायचं नाही, शेवाळलेल्या कातळावर फोटोसाठी जायचं नाही. लोहगडासारखी सरळ वाट नसेल, तर अनोळखी किल्ल्यावर पायथ्याच्या गावातून वाटाड्या घेतल्याशिवाय चढू नका; त्याला मिळणारे पैसेही त्याच गावात राहतात. किल्ल्यावर धूर करू नका, अत्तर लावून जाऊ नका, आग्या मोहोळाच्या माश्या उठतात आणि मग पळायला जागा नसते. निघताना कुठे चाललो आणि अंदाजे केव्हा परतणार, एवढा निरोप घरी एकाला तरी द्या. अडचणीत ११२ हा नंबर लावा. आणि मागे फिरावंसं वाटलं तर फिरा, सोबतचे काहीही म्हणोत.

ज्यांना एक दिवसही मोकळा मिळत नाही त्यांचं काय? पाळीत काम करणारे, लहान मूल असणारे, रुग्णाची सेवा करणारे असे पुष्कळ वाचक असतील. त्यांच्यासाठी दोन तासही पुरतात, फक्त ते दोन तास नेहमीच्या रस्त्यावर घालवू नका. सिटी बसच्या शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन या. ज्या देवळावरून रोज जाता त्याच्या आत कीर्तन चाललं असेल तर मागे जाऊन बसा. शेजारच्या गल्लीत भजनी मंडळ असेल, बुद्धिबळाचा अड्डा असेल, पहाटे टेकडीवर जाणारी मंडळी असतील, त्यांच्यात एकदा जा. पुण्याकडच्या लोकांना आषाढी वारीची एक दिवसाची चालही आहे. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून निघून दिवे घाटातून सासवडला जाते, त्या दिवशी नोकरदार माणसं हजारोंनी सोबत चालतात. नाव नोंदवावं लागत नाही, कुणी जात-पात, शिक्षण विचारत नाही. टप्पा लांब आहे, तेव्हा पायात सवयीच्या चपला किंवा बूट हवेत आणि आदल्या रात्री झोप झालेली हवी. तेवढं सांभाळलंत तर संध्याकाळी सासवडला पोहोचलेला माणूस सकाळी निघालेल्यापेक्षा निराळा असतो, असं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

हे सगळं फिरण्याबद्दलच झालं असं वाटेल. पण मला सांगायचं आहे ते यापुढचं. अनोळखी गावी चार तास काढलेल्या माणसाला ‘पुढे काय होईल ते माहीत नाही’ ही अवस्था सोसायची सवय लागते. जेवण मिळेल का, गाडी येईल का, बोलायला कुणी भेटेल का, हे काहीच ठाऊक नसतं, आणि तरी दिवस नीट पार पडतो. आयुष्यातले मोठे निर्णय अडतात ते बहुतेकदा याच ठिकाणी. नोकरी बदलायची असते, चाळिशीत पुन्हा शिकायचं असतं, शहर सोडायचं असतं. माहिती पुरेशी असते, पैशांचा हिशेबही मांडलेला असतो, फक्त न कळणारा भाग सहन होत नाही.

अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांनी याबद्दल एक विलक्षण प्रयोग केला. मोठ्या निर्णयाबाबत मन द्विधा झालेल्या लोकांना त्यांनी संकेतस्थळावर नाणं उडवायला लावलं. नोकरी सोडावी का, नातं संपवावं का, अशा प्रश्नांवर वीस हजारांहून जास्त वेळा नाणं उडवलं गेलं. नाण्याने ‘बदल करा’ असं सांगितलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी खरंच बदल केला, आणि सहा महिन्यांनी महत्त्वाच्या निर्णयांत बदल करणारे लोक जास्त समाधानी आढळले. यावरून कुणी उद्या राजीनामा लिहू नये. हे लोक आधीच निर्णयाच्या काठावर उभे होते. पण तुम्हीही वर्षभर त्याच काठावर उभे असाल, तर थांबून राहण्यातच शहाणपण आहे असं गृहीत धरू नका. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं होतं, की लगेचच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टींचा पस्तावा जास्त होतो, पण वर्षं उलटल्यावर न केलेल्या गोष्टी जास्त सलतात.

मग करायचं काय? मोठ्या बदलाची छोटी चव आधी घ्यायची, तीही त्याच्या अवघड बाजूने. शिक्षक व्हायचं मनात असेल तर सुट्टीत एखाद्या वस्तीतल्या मुलांना शिकवा, पण ज्या विषयात ती मागे आहेत तो विषय घ्या. खानावळ काढायची असेल तर ओळखीच्या खानावळीत आठवडाभर पहाटे भाजी निवडायला जा. जुन्या कंपनीतून बाहेर पडायचं असेल तर बिनपगारी रजा मिळते का ते विचारा. नाही म्हणाले तर निदान ते कळेल. आणि शहर सोडून गावी शेती करायची असेल, तर हुरड्याच्या दिवसांत जाऊन ठरवू नका. मे महिन्यात विहीर तळाला गेलेली असताना पंधरा दिवस राहा, मग जुलैत चिखल आणि दोन-दोन दिवस वीज नसताना पुन्हा या. शेजारच्या शेतकऱ्याबरोबर खत आणायला, पंचायतीच्या कार्यालयात, बाजार समितीत जा. भाव पडलेल्या दिवशी त्याच्याबरोबर टेम्पोत बसून परत या. तरीही तिथेच राहावंसं वाटलं, तर जमिनीचा सातबारा बघायला सुरुवात करा.